घाटात चार्ज होते, गावात उतरते

आमची जुनी डीआय बोलेरो म्हणजे कलमं पोचवायची गाडी. कधी चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून पाटण-कराडला जाते, नाहीतर दिवसभर गावातच फिरते. घाटातल्या धुक्यासाठी पावसाळ्याआधी ५५ वॅटचे दोन फॉगलॅम्प लावून घेतले. त्याच सपाट्यात भाच्याने हौसेने डॅशबोर्डमधले पिवळट बल्ब काढून सगळीकडे एलईडी घातले. दिसायला झकास. आणि मग बॅटरी उतरायला लागली. सकाळी सेल्फ मारावा तर नुसतं कट्‌ कट्‌.

वायरमनने बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला, "ताई, एवढे दिवे लावल्यावर डायनमो दम टाकणारच. मोठा घाला." आता दोन फॉगलॅम्पचे ११० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला साधारण ९ अँपियर. एवढ्याने धडधाकट अल्टरनेटर (वायरमनचा 'डायनमो', म्हणजे बॅटरी चार्ज करणारं यंत्र) दमत नाही, फॉगलॅम्पला रिलेही (जास्त करंट सांभाळणारा स्विच) वेगळा होता. शिवाय या डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर असतो, त्यामुळे बाजारातला कुठलाही उचलून लावला असं होत नाही. खर्च हजारांत. म्हटलं, थांबा जरा.

मला खटकत होतं ते वेगळंच. फॉगलॅम्प लावून रात्री घाट चढून आलं की दुसऱ्या दिवशी गाडी एका सेल्फात चालू. गावात दिवसाढवळ्या, एकही दिवा न लावता चार घरी रोपं टाकून आलं की बॅटरी बसलेली. दिव्यांचा दोष असता तर हे बरोब्बर उलटं व्हायला हवं होतं ना?

मल्टिमीटर लावला. इंजिन बंद असताना १२.५ व्होल्ट. चालू करून रेस न देता नुसतं ठेवलं तर १२.३. म्हणजे चार्जिंग शून्य. जोरात रेस दिली, की आकडा एकदम १४.२ वर, आणि मग रेस सोडली, फॉगलॅम्प लावले तरी १३.८ च्या खाली येईना. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवाही रेस दिल्यावरच विझत होता. "एलईडी आहे, उशिरा विझतो," असं भाच्याने आधीच ठरवून टाकलेलं.

तो दिवा नुसता इशारा द्यायला नाही. किल्ली ऑन केली की त्याच बल्बमधून थोडा करंट अल्टरनेटरच्या रोटरला, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाला जातो, त्याने चुंबकत्व येतं आणि चार्जिंगची सुरुवात होते. २ वॅटचा बल्ब साधारण १७० मिलिअँपियर जाऊ देतो, एलईडी कसेबसे १०-२०. मग रोटर उरल्यासुरल्या चुंबकत्वावर जागा व्हायचा, आणि त्याला वेग लागायचा. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडत असल्याने तो मिळायचा. गावात डिझेल गाडी कमी आरपीएमवरच ओढते, त्यात दर घरी इंजिन बंद. असं जुनं डिझेल इंजिन एकदा चालू झालं की जवळजवळ विजेवाचून धावत राहतं, म्हणून रस्त्यात कधी काही जाणवलंच नाही.

चार्जिंगच्या दिव्याचा जुना बल्ब परत बसवला. आता सेल्फ सोडला की दिवा लगेच विझतो.

मीटर हातात होताच, म्हणून सगळे दिवे लावून इंजिनचा ब्लॉक आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामधलं व्होल्टेजही पाहिलं. ०.६ निघालं, ०.२ च्या आत हवं. अर्थच्या वायरचं थिंबल (टोकाचं धातूचं कडं) हिरवं पडून कुजलेलं, आमच्या कोकणच्या हवेची कृपा. जाड वायर नव्या थिंबलसकट टाकून घेतली.

एक गोष्ट मात्र कुणालाही करू देऊ नका. चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल उपटून "बघा, डायनमो चालतोय का" ही परीक्षा. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि रेग्युलेटर, डायोड, स्टिरिओ, काहीही जाऊ शकतं.

भाचा अजून खट्टू आहे, डॅशबोर्डच्या कोपऱ्यात एकच पिवळा दिवा दिसतो म्हणून. कुणाला एलईडीच हवा असेल तर त्याला समांतर ५० ओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर जोडावा, रोटरला लागणारा करंट त्यातून जातो. फक्त प्लास्टिकपासून लांब बांधा. इंजिन चालू असताना तो थंड राहतो, पण किल्ली ऑन ठेवून इंजिन बंद असेल तर चांगलाच तापतो.