एस९०चं मागचं चाक: दोष अंगठ्याच्या जागेचा

माझ्या कॅनन एस९० या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याचं मागचं चाक एकदाचं वठणीवर आलं. परवा कॅमेरा मनगटाला अडकवून एव्ही मोडमध्ये (लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेऱ्याने) तुळशीबाग पालथी घातली. घरी येऊन फोटो तपासले, तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो किती उजळ किंवा गडद हवा ते सांगणारा, या चाकाने बदलणारा आकडा, पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत उणे एक-तृतीयांश. मी ठेवलं होतं तिथंच! हा कॅमेरा वापरणाऱ्यांना यातला आनंद वेगळा सांगायला नको.

दुखणं असं, की नुसता अंगठा लागला तरी हे चाक फिरतं आणि ठेवलेला आकडा नकळत बदलतो. लेन्सभोवतीची रिंग कटकट आवाज करत एकेक टप्पा घेते, आणि मागचं चाक मात्र लोण्यावरून घसरल्यासारखं फिरतं. २००९च्या एस९०नंतर पुढच्याच वर्षी एस९५ आला, तेव्हा कॅननने त्या चाकाला टप्पे दिले. म्हणजे तक्रार त्यांच्यापर्यंतही पोचली असणार. ‘मग एस९५च का घेत नाहीस?’ असं विचारू नका. जुन्या बाजारात हा मिळाला, आणि दहा मेगापिक्सेलच्या त्या सीसीडीवर (जुन्या धाटणीच्या सेन्सरवर) माझा जीव आहे.

मागच्या वेळी लिहिलं होतं तसं आधी घर्षण वाढवायच्या मागे लागलो. सायकलच्या ट्यूबची बारीक पट्टी चाकाच्या कडेला बसवली. रबराचा स्वभाव वाईट: आधी चिकटून बसतं, जोर लावला की एकदम सुटतं. एक टप्पा हवा असताना चाक तीन टप्पे पुढे. फिरणं जड करणाऱ्या जाड डॅम्पिंग ग्रीसचा सल्ला काहींनी दिला होता. पण त्यासाठी मागचं कव्हर काढावं लागणार, आणि ग्रीस पसरून चाकाखालच्या भागात गेलं तर चाक कायमचं बाद. शिवाय आत फ्लॅशसाठी वीज साठवणारा कपॅसिटर आहे. बॅटरी काढली तरी त्यात तीनशेच्या आसपास व्होल्ट टिकून राहू शकतात. ज्यांना उघडायचंच आहे त्यांनी तो आधी रेझिस्टर लावून रिकामा करा, स्क्रूड्रायव्हरने ठिणग्या पाडू नका.

शेवटी खुर्चीच्या पायाखाली लावतात ते चिकट फेल्ट घेतलं. ऑनलाइन मागवलेलं ‘अतिपातळ’ फेल्ट हातात आलं तेव्हा त्याची सतरंजी झाली असती. तापकीर गल्लीतल्या एका दुकानातून सुटा तुकडा आणला, ब्लेडने त्याचे पदर सोडवले आणि सर्वांत पातळ पदर चिमट्याने फटीत सरकवला. चाक छान जड झालं, ओढ एकसारखी. तरीही आकडा सरकतच होता, फक्त आता सावकाश.

मग आरशासमोर कॅमेरा धरून नुसता अंगठा पाहत बसलो. एस९०ला पुढून ग्रिप नाही, मागे अंगठ्याला टेकू नाही, अंग सगळं गुळगुळीत. शटर दाबताना पकड घट्ट होते, अंगठा खाली घसरतो आणि नेमका चाकावर येऊन थांबतो. डाव्या हाताचीही तीच कथा: बोट वर टेकवावं तर तिथूनच फ्लॅश मोटरवर उठतो आणि बोटाला ढकलतो. चाक कितीही जड करा, कॅमेऱ्याचं वजन पेलणारा अंगठा ते फिरवणारच. २०११च्या एस१००वर पुढे छोटासा उंचवटा आला, त्याचं मोल मला आता कळतंय.

म्हणून एम-सील. कॅमेऱ्याच्या पाठीवर क्लिंग फिल्म ताणली, दोन्ही भाग एकरंगी होईपर्यंत मळले, चाकाच्या वरच्या कोपऱ्यात गोळी ठेवली आणि ओल्या अंगठ्याने नेहमीच्या पकडीत दाबली. वाळल्यावर काढून बारीक पॉलिशपेपरने घासली, काळा रंग दिला, दुतर्फी टेपने चिकटवली. दिसायला सुपारीच्या खांडासारखी आहे, पण अंगठा तिथे असा बसतो की हलत नाही. तुळशीबागेतलं यश याच गोळीचं.

आता पुढून ॲल्युमिनियमची पट्टी वाकवून ग्रिप करायची होती. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, आधी या गोळीचंच काम पुरं करावं. तिची खालची कड थोडी लांबवून चाकाच्या उजव्या बाजूला भिंतीसारखी उभी केली, तर अंगठा चुकून चाकावर जाणारच नाही. मुद्दाम फिरवायचं असेल तेव्हा डाव्या कडेने फिरवता येईल. तसं जमलं तर फेल्टही काढून टाकेन, कारण मेनूमधून भराभर खाली जाताना ते जड चाक आता त्रास देतंय. कडेची उंची किती ठेवायची हाच प्रश्न. बटणं अडता कामा नयेत, आणि जेमतेम ३१ मिलिमीटर जाडीचा कॅमेरा शर्टाच्या खिशात जायलाच हवा.

लेन्सच्या रिंगवर सध्या स्टेप झूम ठेवलाय, म्हणजे झूम ठरावीक मिलिमीटरवरच थांबतो: २८, ३५, ५०, ८५, १०५. पस्तीसवर थांबणारी ती कटकन जाणीव मला महागड्या कॅमेऱ्यांच्या लोण्यासारख्या रिंगपेक्षा केव्हाही प्यारी. मात्र मैफलीत तो आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत जातो, तिथे रिंगला हात लावत नाही.

कोणाकडे बंद पडलेल्या एस९०चं मागचं कव्हर असेल तर कळवा. भिंतीचे प्रयोग चालू कॅमेऱ्यावर करायला हात धजत नाही.