फीलर गेज धरता येतं

ठाण्याच्या कामगार न्यायालयात भरपाईचे दावे चालवणाऱ्या वकिलाला १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याचं पहिलं परिशिष्ट पाठच असतं: कोणता अवयव गेला तर कमाईची क्षमता किती टक्के गेली असं धरायचं, त्याची यादी. अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. हात उजवा की डावा, ते यादी विचारत नाही. तर्जनी आणि मधलं बोट दोन्ही गेली तर बेरीज २६ व्हायला हवी, पण ‘एका हाताची दोन बोटं’ अशी वेगळी नोंद आहे आणि तिच्यापुढे २० लिहिलंय. असं का, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

माझा अर्जदार रबाळे एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून कापतात तिथे, डाय सेटर होता, यंत्रात साचे बसवून जुळवणारा. त्याच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गेलं. अपघात २०२३ मधला, तेव्हा वय ३०, पगार २४,०००. ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) पगारमर्यादा २०१७ पासून २१,००० वर अडकलेली, म्हणून हा त्या योजनेच्या बाहेर. जास्त कमावतो ना! मग जुन्या कायद्याखाली भरपाई मागायला यावं, तर तिथे पगार कितीही असो, हिशोबाला १५,००० च धरायचे. (ही मर्यादा जानेवारी २०२० ची. त्याआधी ती ८,००० होती.) म्हणजे एका दारात श्रीमंत म्हणून नाकारायचं आणि दुसऱ्या दारात गरीब म्हणून मोजायचं. १५,००० चे ६० टक्के ९,०००, गुणिले तीस वर्षांच्या वयाला कायद्याने ठरवलेला गुणक २०७.९८, त्याचे २० टक्के: ३,७४,३६४ रुपये. खरा पगार धरला असता तर सहा लाखांच्या जवळ गेलो असतो. जुन्या कायद्यांच्या जागी नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही त्यात घेतला, चांगलं झालं. बोटांची यादी मात्र जुनीच चालू ठेवली.

कंपनीचा पहिला बचाव नेहमीचाच होता, सुरक्षा यंत्रणा यानेच काढली. जुन्या प्रेसवर दोन हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय रॅम, म्हणजे वरून दाब देणारा भाग, खाली येऊ नये अशी सोय असते. एका बटणात काडी खुपसून ठेवली की दुसरा हात मोकळा राहतो आणि तासाला नग वाढतात. काडी कुणाच्या सांगण्यावरून बसते ते अख्ख्या शॉपला माहीत असतं, साक्षीला मात्र कुणी येत नाही. सुदैवाने मेंटेनन्सच्या रजिस्टरात त्या बटणाची तक्रार अपघाताच्या आधीच लिहिलेली निघाली. तो मुद्दा तिथेच संपला.

उरली टक्केवारी. विमा कंपनीचं म्हणणं, यादीत २० आहे, २० घ्या आणि विषय मिटवा. माझं म्हणणं, सेटरचं काम गेलंय. आज तो घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत वॉचमन आहे, १४,००० वर. १९७६ च्या प्रताप नारायण सिंग देव निकालात सर्वोच्च न्यायालयाने डावा हात गेलेल्या सुताराला यादीबाहेर जाऊन पूर्ण अपंगत्व दिलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. तोच माझा आधार.

त्या दिवशी उलटतपास होता. विमा कंपनीचे वकील ज्येष्ठ, बाररूममध्ये चहाचे पैसे कुणाला देऊ देत नाहीत. त्यांनी कोटाच्या खिशातून एक नट-बोल्ट काढला.

“हा लावून दाखवता?”

मी हरकत घेतली. न्यायाधीश साहेब म्हणाले, “दाखवू दे की.”

अर्जदाराने बोल्ट डाव्या हातात धरला, उजव्या हाताच्या अंगठा आणि अनामिकेत नट पकडला आणि पाहता पाहता शेवटपर्यंत फिरवला. मग माझ्याकडे बघून हसला. वर्षभर घरी बसून सराव केला होता त्याने. बायको रात्री डाळीच्या डब्यात नट लपवायची आणि हा ते शोधून बसवायचा, हे मला त्या दिवशी नंतर कळलं. साहेबांनी लघुलेखकाला सांगितलं: “साक्षीदाराने नट व्यवस्थित बसवून दाखवला.”

कायदा न जमणाऱ्या गोष्टींचे पैसे देतो. जो जिद्दीने शिकतो त्याचा दावा तेवढाच बारीक होतो. हात खिशात घालून रडवेला चेहरा करणारे अर्जदारही मी पाहिलेत आणि त्यांना जास्त मिळालेलंही पाहिलंय.

फेरतपासात मी विचारलं, “सेटिंग करताना वरचा पंच आणि खालची डाय यांच्यातली फट कशाने बघता?”

“फीलर गेजने.” म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा, पातं फटीत घालून फट मोजायची.

“आता गेज धरता येतं?”

“येतं. पण पातं लागलं की नाही ते कळत नाही. ०.०५ मिलिमीटरचं पातं असतं मॅडम, ते डोळ्याने दिसत नाही, बोटालाच कळतं. या बोटांना कळत नाही.”

साहेबांनी सांगितलं: “फीलर गेज धरता येतं.”

मी उभीच होते. “साहेब, पुढचं वाक्य राहिलं.” ते जरा वैतागले, पण घेतलं.

जिन्यावर त्याने विचारलं, “बरोबर केलं ना मॅडम?” मी म्हटलं, “खरं सांगितलंत ना, झालं तर.” वाशीला दुपारची ड्युटी होती असं सांगून तो पळाला. सोसायटी घोडबंदरला आहे ना, असं मी मागून ओरडले, तर म्हणाला, “बदली कामाला जातो अधूनमधून, ती नोंद नका करू.”

युक्तिवादाला पुढची तारीख आहे. नट-बोल्ट लपवता येणार नाही, नोंदीत आहे. मी मसुद्यात त्याचा उल्लेख पहिल्याच पानावर घेतलाय आणि त्याखाली पात्याची जाडी. सहकाऱ्याचं म्हणणं, नट-बोल्ट शेवटी टाक, साहेब तिथवर वाचत नाहीत.