जुने शूज विकले की रिफंडवाले येतातच

जुने शूज ऑनलाइन विकायचे म्हटलं की "साइज बसत नाही, पैसे परत द्या" हे येणारच, म्हणून मी शूजच्या जिभेखालच्या (लेसखालच्या पट्टीच्या) साइज-टॅगचाच फोटो टाकतो, पुरुषांच्या शूजमध्ये यूके ८ म्हणजे साधारण यूएस ९ हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. पॅक करताना सोल, टाच, आतलं लेबल सगळं एकाच व्हिडिओत, मध्ये कट नाही, कारण काही महाभाग आपली जोडी ठेवून स्वतःचे फाटके बूट परत पाठवतात हो! पीयू सोलचं (पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लास्टिक) वेगळंच, न वापरता बॉक्समध्ये ठेवले तरी दमट हवेने काही वर्षांत भुगा होतो, त्यामुळे जोडी किती जुनी ते आधीच लिहून टाकायचं. किरकोळ ओरखड्यावरून कुणी अडून बसलंच तर शे-दोनशे देऊन मोकळा होतो, रिटर्न कुरिअर बऱ्याचदा त्याहून महाग पडतं.