स्वल्पविराम कुठे पडतो?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या पट्टीवर १२,३४,५६७ असा आकडा कुणीही न अडखळता वाचतो: उजवीकडून आधी तीन अंक, मग दोन-दोन. इंग्रजी पद्धतीत तीन-तीनचे गट, म्हणून तीच रक्कम १,२३४,५६७ होते. दहा लाखांचे एक मिलियन, शंभर कोटींचे एक बिलियन.

खरा घोळ जर्मनीला माल पाठवताना. तिथे हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम. ऑर्डरमधले १.२५० किलो म्हणजे साडेबाराशे किलो, सव्वा किलो नव्हे! जपानी बोलण्यात गट चार शून्यांचा. आपला एक लाख म्हणजे त्यांचे दहा 'मान'. छापताना मात्र तेही बहुधा तीन-तीनच पाडतात.

एक्सेलमध्ये लाख-कोटी हवे असतील तर कस्टम फॉरमॅटमध्ये हे टाका:

[>=१०००००००]##\,##\,##\,##०;[>=१०००००]##\,##\,##०;##,##०

अंक अर्थातच इंग्रजी टाइप करायचे. उणे रकमा यात फसतात, कारण त्या तिसऱ्या भागात जाऊन तीन-तीनने तुटतात. त्यापेक्षा विंडोजच्या रीजन सेटिंगमध्येच डिजिट ग्रुपिंग बदललेले बरे. आकडे कॉपी करताना स्वल्पविराम काढूनच टाका. नाहीतर कधीकधी ते मजकूर समजले जातात आणि बेरजेतून गुपचूप गळतात.