मोड २ आणि उरलेले ५८८८ बाइट

गुरुजनांविषयी आणि मैदानाविषयी या स्मरणिकेत बाकीचे लिहितीलच. मी शाळेच्या संगणक कक्षातल्या एकाच आज्ञेविषयी लिहितो : मोड. पडद्यावर चित्र किती बारीक आणि किती रंगांत दिसेल हे ही आज्ञा ठरवते.

१९८४ साली शाळांमधल्या संगणक साक्षरतेचा 'क्लास' प्रकल्प सुरू झाला आणि देशातल्या शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे संगणक आले. रॅम, म्हणजे कामाची स्मृती, ३२ केबी, आणि पडद्यावरचं चित्रही त्याच रॅममध्ये. यंत्र सुरू होतं ते मोड ७ मध्ये. तिथे फक्त अक्षरं, खर्च १ केबी. (चौकोनी कंसाच्या जागी बाण दिसतो तोही याच मोडमध्ये, कळ बिघडलेली नसते.) मोड ०, १ आणि २ मात्र प्रत्येकी २० केबी खातात.

डिस्क जोडलेली असली की प्रोग्रॅम स्मृतीतल्या पत्ता (बाइटचा क्रमांक) ६४०० पासून बसतो. मोड २ चा पडदा १२२८८ पासून. मध्ये उरले ५८८८ बाइट. प्रोग्रॅम आणि व्हेरिएबल सगळं त्यातच. कॅसेटवर काम केलं तर ८७०४ मिळतात. 'प्रिंट हायमेम-पेज' टाकून उरलेली जागा आधी बघावी (पेज म्हणजे प्रोग्रॅम सुरू होतो तो पत्ता, हायमेम म्हणजे प्रोग्रॅमच्या जागेची वरची हद्द), मग मोड २ च्या रंगांचा हट्ट धरावा.

जागा पुरली नाही की 'बॅड मोड' हा चुकीचा संदेश येतो. प्रोसीजरच्या (प्रोग्रॅममधल्या नाव दिलेल्या उपभागाच्या) आत मोड बदलला तरी तोच संदेश, कारण बेसिक भाषेचा स्टॅक, म्हणजे कुठून आलो याची तात्पुरती नोंद, पडद्याच्या लगेच खाली असतो आणि पडदा सरकला की तो उखडतो. म्हणून मोडची ओळ प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच हवी. यावर 'व्हीडीयू २२' (पडद्याला थेट मोड बदलायला सांगणारी आज्ञा) ही पळवाट काही जण काढतात. पडदा बदलतो, पण हायमेम जागचा हलत नाही. प्रोग्रॅम लांबलचक असेल तर त्याची शेपटी पुसली जाते आणि 'बॅड प्रोग्रॅम' येतं. मग ब्रेक कळ दाबून 'ओल्ड' ही जुना प्रोग्रॅम परत आणणारी आज्ञा टाकली तरी उपयोग नाही.

सोलापुरात चादरीची नक्षी पडद्यावर उतरवायचा मोह कुणाला होणार नाही? जेकार्डसाठी (नक्षी विणणाऱ्या मागाच्या यंत्रणेसाठी) आलेख कागदावर भरलेली नक्षी घ्यावी आणि मोड १ निवडावा. चित्राचे अंक सगळ्या ग्राफिक्स मोडमध्ये १२८० बाय १०२४ असेच असतात, त्यामुळे मूव्ह-ड्रॉच्या, म्हणजे रेषा काढण्याच्या, ओळी बदलाव्या लागत नाहीत. बदलतो तो ठिपका. मोड १ मध्ये तो ४ बाय ४, म्हणजे चौरस. मोड २ मध्ये ८ बाय ४, म्हणून नक्षीच्या तिरप्या कडांना आडव्या, जाड पायऱ्या पडतात. मोड १ ला रंग चारच, पण माझ्या मते चादरीला तेवढे पुरतात.

जागा कमी पडली तर मोड ४ : १० केबी, दोन रंग, ठिपका चौरसच. रंग 'व्हीडीयू १९' ने पालटता येतात, १ नंबरच्या जागी निळा हवा असेल तर 'व्हीडीयू १९,१,४,०,०,०'. ही ओळ मोडच्या नंतरच लिहायची. मोड बदलला की रंग पुन्हा मूळचे होतात.