सिम्युलेशन आधी नाही, नंतर

शिक्षक होण्यासाठी शिकताना जे सराव पाठ घ्यावे लागतात, त्यांच्या टाचणात (म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात) शैक्षणिक साधनांचा रकाना असतो आणि तिथे बहुतेक जण पीपीटी लिहून मोकळे होतात. माझं स्पष्ट मत आहे की पीपीटी म्हणजे रंगीत फळाच, बोलणार शिक्षकच आणि पोरं बघणार, त्यात शोधायचं काय?

लोलकाच्या पाठाला मी उलटं केलं. वजन वाढवलं तर झोका लवकर पूर्ण होईल का, एवढंच विचारलं आणि गप्प बसले. हे गप्प बसणं जाम अवघड आहे बरं का! मेरी बड रो नावाच्या संशोधक बाईंनी दाखवून दिलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी १ सेकंदच थांबतात, आणि ३ सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांब आणि विचार केलेली येतात. वर्गात उभं राहिल्यावर ते ३ सेकंद काही केल्या संपत नाहीत.

मग दोरा, नट आणि मोबाईलचं स्टॉपवॉच दिलं. एका झोक्याची वेळ दर वेळी वेगळीच यायला लागली, कारण बटण दाबण्यातच वेळ पुढेमागे होतो, तर एकीने सुचवलं की १० झोके मोजू आणि १० ने भागू, मी काही बोललेच नव्हते. बहुतेकांचं आलं की वजनाने फरक पडत नाही, पण एक गट अडूनच बसला की जड लोलक हळू जातो, आकडेही तसेच होते त्यांचे. शेवटी दुसऱ्या गटातला एकजण जाऊन बघून आला, तर यांनी नट एकाखाली एक लटकवले होते म्हणजे वजनाबरोबर लोलकाची लांबीपण वाढत होती! असली भांडणं टाचणात लिहिता येत नाहीत. ५ई मॉडेलचे (गुंतवणं, शोधणं, समजावणं, विस्तारणं, मूल्यमापन) टप्पे ओळीने मांडता येतात पण पोरं काही त्या ओळीने विचार करत नाहीत.

हे सगळं झाल्यावर फेटचं (PhET) लोलकाचं सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचा आभासी प्रयोग, उघडलं. फेट हा कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प, नोबेल मिळालेल्या कार्ल वायमननी २००२ मध्ये सुरू केलेला, आणि फुकट आहे. आधीच उघडलं असतं तर उत्तर स्क्रीनवर मिळालं असतं आणि दोऱ्याला कोणी हात लावला नसता. आता त्याचा उपयोग वेगळा होता, वर्गात जे करताच येत नाही त्यासाठी. १ मीटरचा लोलक पृथ्वीवर साधारण २ सेकंद घेतो, चंद्रावर तोच जवळपास ४.९ सेकंद, आणि तो संथ झोका बघून पोरं स्वतःहून गुरुत्वावर बोलायला लागली.

त्यात एक ‘ग्रह एक्स’ पण आहे, त्याचं गुरुत्व दिलेलं नसतं, लोलकाच्या वेळेवरून काढायचं. गटागटांचे आकडे थोडे वेगळे आलेत आणि कोणाचं बरोबर यावर वाद चालू आहे. मी उत्तर सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही, फेट उघडा आणि काढा.