प्रॉगमधलं मला खरंच आवडतं ते: क्राउटरॉक, कँटरबरी, इटली वगैरे

प्रॉग रॉक, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, लांबलचक आणि गुंतागुंतीच्या गाण्यांचा, ऐकतो म्हणलं की समोरच्याचे दोनच प्रश्न असतात, पिंक फ्लॉइड का ड्रीम थिएटर? आणि सोलापुरात तर तेवढं विचारणारा भेटायलाही नशीब लागतं, बाकीचे सरळ "काय ऐकूलालास बे हे, गाणं कधी चालू होणार?" म्हणून मोकळे होतात. फ्लॉइडबद्दल माझी काही तक्रार नाही, आवडतातच, पण त्यांच्यावर आता नवीन लिहिण्यासारखं राहिलंय काय. मला लिहायचंय ते कडेकडेच्या उपप्रकारांबद्दल, जे मी खरंच परत परत लावतो. आणि विचार करायला लागलो तर असं दिसलं की माझ्या आवडत्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे, ह्या लोकांनी अमेरिकन असल्याचं सोंग घेतलं नाही. साठच्या दशकात अख्खा युरोप अमेरिकेतला ब्लूज गिरवत बसला होता, गाताना उच्चारसुद्धा तिकडचेच काढत होता, आणि ह्यांनी मात्र आपल्या गावचं, आपल्या भाषेचं काहीतरी बाहेर काढलं.

पहिला नंबर क्राउटरॉकचा, म्हणजे जर्मन रॉकचा, ह्यात वादच नाही. काही लोक म्हणतील हा प्रॉग कुठं, ह्यात ना कीबोर्डचे डोंगर ना परीकथा, खरंय, पण १९७० च्या आसपास पश्चिम जर्मनीतल्या पोरांना एकीकडं घरच्या रेडिओवरची गोडगोड गाणी नको होती आणि दुसरीकडं बाहेरून आलेला रॉक अँड रोलही तसाच्या तसा नको होता, मग हातात उरलं काय तर टेप, मशीनं आणि भरपूर वेळ. नॉय! ह्या बँडचा १९७२ चा पहिला अल्बम लावा, पहिलंच गाणं 'हालोगालो', दहा मिनिटांचं. मिखाएल रोथरचं गिटार वर तरंगत राहतं आणि खाली क्लाउस डिंगर एकच ठेका धरून बसलाय, चाराचा, सरळ, ना कुठं तिहाई ना कुठं समेवर येऊन टाळी घ्यायची घाई, नुसतं चाललंय. ह्या ठेक्याला मोटोरिक म्हणतात.

मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढलो, तिथं भिंतीपलीकडं यंत्रमाग असणं ही काही विशेष गोष्ट नाही. गल्लीतनं चालत गेलं की एका दारात टॉवेलचे माग, पुढच्या दारात चादरीचे, प्रत्येकाचा खटाक-खटाक थोडा वेगळा, आणि दोन माग शेजारी शेजारी असले की त्यांचे ठेके हळूहळू एकमेकांपासनं सरकतात, मधेच कधीतरी चार-सहा ठोके अगदी एकत्र पडतात आणि परत सुटतात. धागा तुटला की एक माग थांबतो, कामगार गाठ मारतो, परत चालू. पाहुणे आले की विचारायचे तुम्हाला झोप कशी लागते हो ह्यात, आम्हाला उलट रात्री लाईट जाऊन सगळे माग एकदम बंद पडले की जाग यायची. त्यामुळं डिंगरचा ठेका पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो कंटाळवाणा वगैरे वाटायचा प्रश्नच नव्हता, मी त्यात रोथरचं गिटार कुठं ठेक्यापासनं सरकतंय तेवढंच ऐकत बसलो.

ह्याच नॉय!चा एक किस्सा मला फार आवडतो. दुसऱ्या अल्बमच्या वेळी, म्हणजे १९७३ ला, मधेच पैसे संपले, अर्धी रेकॉर्ड रिकामी. मग ह्यांनी आधी काढलेलं सिंगल घेतलं आणि तेच ७८ च्या स्पीडला, १६ च्या स्पीडला वाजवून दुसरी बाजू भरून टाकली. लोक चिडले होते म्हणे, आता त्यालाच रीमिक्सची सुरुवात वगैरे म्हणतात. आपल्याकडं ह्याला काय म्हणतात ते सांगायची गरज नाही.

कॅन हा जर्मन बँड तर त्याहून वरचा. होल्गर चुकाय आणि इर्मिन श्मिट दोघं श्टॉकहाउझेन ह्या संगीतकाराकडं शिकलेले, ड्रमर याकी लीबेझाइट फ्री जॅझमधनं आलेला आणि तिथलं सगळं मोकाट वाजवणं सोडून घड्याळासारखा वाजवायला लागलेला, आणि गायक दामो सुझुकी म्हणजे १९७० ला म्युनिकमधे रस्त्यावर गाणारा जपानी पोरगा, ह्यांनी बघितला आणि त्याच रात्री स्टेजवर उभा केला. १९७१ च्या 'टागो मागो'त 'हालेलुवा' नावाचं एक गाणं आहे, साडेअठरा मिनिटं, रेकॉर्डची अख्खी एक बाजू. पहिल्या चार मिनिटांत आवडलं नाही तर सोडून द्या, नाद करू नका, पण आवडलं तर रात्र गेली समजा.

मग कँटरबरी. इंग्लंडातल्या केंटमधलं छोटं गाव, मोठ्ठं चर्च, आणि तिथं १९६४ ला वाइल्ड फ्लॉवर्स नावाचा पोरांचा एक बँड निघाला ज्यानं स्वतःचा एकही अल्बम काढला नाही पण त्यातनंच पुढं सॉफ्ट मशीन आणि कॅरव्हॅन असे दोन बँड निघाले, आणि मग ह्याचा ऑर्गनवाला त्याच्याकडं, त्याचा बासवाला ह्याच्याकडं असं वर्षानुवर्षं चालू. जॅझ आहे पण जॅझवाल्यांचा गंभीर चेहरा नाही. कॅरव्हॅनचा १९७१ चा 'इन द लँड ऑफ ग्रे अँड पिंक' घ्या, पहिल्याच गाण्यात गोल्फच्या मैदानावर चहा विकणारी मुलगी, आणि दुसरी बाजू म्हणजे 'नाइन फीट अंडरग्राउंड' हे एकच बावीस मिनिटांचं गाणं, त्यात डेव्ह सिंक्लेअरचा फझ, म्हणजे आवाज खरखरीत करणारा इफेक्ट, लावलेला ऑर्गन असा काही वाजतो की गिटार आहे का काय असं वाटावं. मे महिन्यात दुपारी पारा ४२-४३ वर, बाहेर कुत्रंसुद्धा नाही, पंखा गरम वारा फेकतोय, आणि कानात रिचर्ड सिंक्लेअर शांतपणे इंग्लिश चहाबद्दल गातोय, ह्यात एक वेगळीच मजा आहे, करून बघा.

आणि रॉबर्ट वायट. सॉफ्ट मशीनचा ड्रमर, १९७३ ला खिडकीतनं पडला आणि कंबरेखालचं शरीर कायमचं गेलं. पुढच्याच वर्षी 'रॉक बॉटम' आला, निर्माता फ्लॉइडचा ड्रमर निक मेसन. ह्या अल्बमवर जास्त बोलवत नाही, पातळ, किंचित चिरका आवाज आहे, शेजारच्या घरातल्या माणसासारखा गातो, आणि तरी ऐकताना पोटात कालवतं. हॅटफील्ड अँड द नॉर्थ हा अजून एक, नाव चक्क लंडनबाहेरच्या रस्त्यावरच्या पाटीवरनं उचललेलं. त्या हिशोबानं सोलापूरच्या हायवेवर किती बँडांची नावं फुकट पडलीयत बघा.

इटलीवाले मला उशिरा सापडले पण आता सगळ्यात जास्त तेच वाजतात. गंमत म्हणजे इंग्लंडात ज्यांना फार कुणी विचारत नव्हतं त्या व्हॅन डर ग्राफ जनरेटर ह्या इंग्लिश बँडचा 'पॉन हार्ट्स' इटलीत एक नंबरवर होता, म्हणजे ऐकणारे तयार होते. १९७२ ह्या एका वर्षात पीएफएम ह्या बँडचे दोन अल्बम, बांको ह्या दुसऱ्या बँडचा 'डार्विन!', पुढच्या वर्षी ले ओर्मे ह्या तिसऱ्याचा. ही मंडळी इटालियनमधेच गातात आणि सुरावट सोडत नाहीत, कितीही अवघड वाजवलं तरी मधे एक गाता येईल अशी चाल येतेच. बांकोचा गायक फ्रांचेस्को दी जाकोमो, भरदार दाढीवाला, ऑपेरासारखा खुल्या गळ्याचा. माझ्या आईला रॉकचा तिटकारा आहे, घरात नाट्यसंगीत सोडून काही चालत नाही, पण हा माणूस लागला की "ह्याला गळा आहे रे" म्हणते आणि स्वयंपाकघरात जाते, पूर्ण ऐकत नाही तो भाग वेगळा. पीएफएमनं १९७३ ला इंग्रजी शब्द घेऊनही एक अल्बम काढला, किंग क्रिम्सनसाठी लिहिणाऱ्या पीट सिनफील्डकडनं लिहून घेऊन, वाजवणं तेच तरी मला तो निम्माच वाटतो.

झॉयल म्हणजे फ्रान्सच्या मॅग्मा ह्या बँडचं खूळ. ख्रिस्तियान वांदे हा ड्रमर, जॅझवाल्या कोल्ट्रेनचा भक्त, त्यानं १९६९ ला बँड काढला, कोबाइया नावाच्या ग्रहाची गोष्ट रचली आणि गायला त्या ग्रहाची भाषाही तयार केली. १९७३ चा 'एमडीके' एका दमात ऐकायचा असतो. आठवड्यातनं एकदा ठीक आहे, रोज नाही झेपत.

आता मात्रांचं. लोकांना प्रॉगमधले विषम ताल फार अवघड वाटतात, हा निव्वळ भ्रम आहे. मित्राचे वडील भजनी मंडळात तबला वाजवतात, त्यांना एकदा 'मनी' ऐकवलं, फ्लॉइडचं. काका डोळे मिटून बोटांवर मोजत होते, बासच्या दुसऱ्याच फेरीला म्हणाले, "रूपक हाय की हे, सात." ती ती ना, धी ना, धी ना, खरंच बसतं, तुम्हीही म्हणून बघा. पुढं गिटारचा सोलो आला तसे डोळे उघडले, "आता चारात आला, सोपं केलं त्यानं." आणि बरोबर आहे, सोलो चारातच आहे. मी म्हणलं काका, अजून ऐका, तर "नको, एवढं बास" म्हणाले.

हेच धरून गिटारवाल्या जॉन मॅकलॉफ्लिनचा बँड महाविष्णू ऑर्केस्ट्रा ऐकायला हवा, १९७३ चं 'बर्ड्स ऑफ फायर' अठराच्या मोजणीत चालतं, आणि पुढं त्याच्याच शक्ती ह्या बँडमधे तबल्यावर झाकीरभाई आल्यावर तर काही बोलायलाच नको. मॅकलॉफ्लिनबरोबर नंतर त्रिलोक गुर्टूही वाजवत होता, शोभा गुर्टूंचा मुलगा, हे आपल्याकडं अजून बऱ्याच जणांना माहीत नसतं. फक्त ह्या सगळ्याला 'इंडो-प्रॉग' असा डबा करून त्यात सतार वाजली की टाकायचं, हे मला पटत नाही.

सिंफोनिक प्रॉगवर, म्हणजे ऑर्केस्ट्रासारख्या भव्य प्रॉगवर, दोन ओळी, नाहीतर भक्त चिडतील. येस ह्या बँडचा 'क्लोज टू द एज' थोरच आहे. पण त्याच बँडनं १९७३ ला योगानंदांच्या आत्मचरित्रातली एक तळटीप वाचून तिच्यावर चार गाण्यांची डबल रेकॉर्ड काढली, प्रत्येक गाणं वीस मिनिटांच्या आसपास, आणि कीबोर्डवाल्या रिक वेकमननं कंटाळून शोमधे स्टेजवरच करी खाल्ली, हे तो स्वतः सांगतो. मी वेकमनच्या बाजूनं आहे. प्रॉग मेटल कॉलेजात भरपूर ऐकलं, सगळेच ऐकायचे, २००९ ला ओपेथ मद्रास आयआयटीत आणि पॉर्क्युपाइन ट्री मुंबई आयआयटीत येऊन गेले तेव्हा तर ताप चढला होता सगळ्यांना. ओपेथ अजून आवडतात. बाकीच्यांत बोटं फार पळतात आणि मला आता तेवढा दम नाही.

सुरुवात करणाऱ्यांनी आधी कॅरव्हॅन घ्यावा, मग पीएफएमचा 'पेर उन आमिको', मग 'हालोगालो', आणि हे सगळं पचलं तरच मॅग्मा. आणि कृपा करून मोबाईलच्या स्पीकरवर नको, बास ऐकूच येत नाही त्यात, आणि मॅग्मातनं बास काढला तर नुसती आरडाओरड उरते.